‘रिपोर्टात एमडीआर आलंय’: रुग्णालयातल्या चिवट जंतूंबद्दल नातेवाइकांचे नेहमीचे प्रश्न

वॉर्डात मला ‘इन्फेक्शनवाल्या सिस्टर’ म्हणतात. मुंबईतल्या रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचं काम म्हणजे अर्धा दिवस कोण हात धुतंय आणि कोण नाही हे बघायचं, आणि उरलेला अर्धा दिवस आयसीयूच्या दाराबाहेर, लिफ्टमध्ये, कँटीनच्या रांगेत नातेवाइकांना उत्तरं द्यायची. प्रश्न तेच असतात, पण विचारणाऱ्याचा जीव दर वेळी टांगणीला लागलेला असतो. घाईत दिलेलं उत्तर डोक्यात राहत नाही, म्हणून इथे सावकाश लिहिलंय. औषधं कुठली द्यायची हे यात नाही. ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

आईच्या कल्चर रिपोर्टात ‘एमडीआर क्लेबसिएला’ लिहिलंय. हा काही नवा रोग आहे का?

नाही. क्लेबसिएला हा जुनाच जीवाणू आहे आणि कितीतरी धडधाकट माणसांच्या आतड्यात तो मुकाट्याने राहतो. ‘एमडीआर’ म्हणजे किमान तीन वेगवेगळ्या गटांतल्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारा.

रिपोर्ट हातात असेल तर त्यातला तक्ता बघा. औषधांच्या नावांपुढे ‘एस’ किंवा ‘आर’ असं अक्षर असतं, कधी मधलं ‘आय’. ‘एस’ म्हणजे औषध लागू पडेल, ‘आर’ म्हणजे पडणार नाही. आईच्या रिपोर्टात ‘आर’ची लांबलचक रांग असेल आणि मध्येच कुठेतरी एखाद-दुसरा ‘एस’. डॉक्टरांना निवड त्या एक-दोघांतूनच करावी लागते. काल चालू असलेलं इंजेक्शन आज अचानक बदललं आणि केमिस्टचं बिल वाढलं, त्याचं कारण हे. ‘मग आधीच का नाही बदललं?’ असं बरेच जण चिडून विचारतात. जंतू थाळीवर वाढवून, त्याच्यावर औषधं लावून बघायला दोन-तीन दिवस लागतातच. तोवर डॉक्टर अनुभवावर औषध चालू ठेवतात.

रिपोर्टात दिसणारी बाकीची नावं म्हणजे अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्युडोमोनास, ई. कोलाय, एमआरएसए (मेथिसिलिन या औषधाला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस), व्हीआरई (व्हँकोमायसिनला न जुमानणारा एन्टरोकॉकस). एमआरएसए प्रामुख्याने नाकात आणि कातडीवर राहतो. क्लेबसिएला, ई. कोलाय आणि व्हीआरई यांचं घर आतड्यात. स्युडोमोनासला ओल आवडते, बेसिनच्या जाळीखाली तो मजेत असतो. अ‍ॅसिनेटोबॅक्टरला ओलं-कोरडं काहीही चालतं, म्हणून आयसीयूत त्याचं नाव निघालं की आमच्या पोटात गोळा येतो.

जंतू औषधाला जुमानत नाही, म्हणजे नेमकं काय करतो?

काही जंतू औषधाचे तुकडे करणारं रसायन बनवतात. काही आत शिरलेलं औषध पंपाने बाहेर फेकल्यासारखं उपसून टाकतात. काही औषध शिरायची फटच अरुंद करतात. एमआरएसए तर ज्या जागी औषधाने चिकटायचं, ती जागाच बदलून बसला. मेथिसिलिन हे औषध १९५९ साली वापरात आलं आणि १९६१ मध्ये इंग्लंडमधून त्याला न जुमानणाऱ्या जंतूची पहिली नोंद आली. दोन वर्षंही धड नाहीत! पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ साली नोबेल स्वीकारताना हाच धोका बोलून दाखवला होता: औषध अपुरं घेतलं तर जंतू मरायच्या ऐवजी शिकतील.

त्याहून वाईट गोष्ट अशी की ही विद्या जंतू एकमेकांना देतात. प्लाझ्मिड नावाचा डीएनएचा छोटा गोल तुकडा असतो, परीक्षेच्या हॉलमध्ये मागच्या बाकावर सरकवलेल्या कॉपीसारखा. क्लेबसिएलाकडची कॉपी ई. कोलायकडे जाते, जात वेगळी असली तरी. एनडीएम-१ हे नाव तुम्ही पेपरात वाचलं असेल. मेरोपेनेमसारखी राखून ठेवलेली औषधं तोडणारं हे रसायन. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णाच्या क्लेबसिएलात ते सापडलं, २००९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि नावात ‘न्यू डेल्ही’ आल्यामुळे आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. नावाचा राग मी समजू शकते. पण त्याच सुमारास, २०१० मध्ये, आपल्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनीही मुंबईच्या रुग्णांमध्ये ते सापडल्याचं लिहून प्रसिद्ध केलं होतं. नावावर भांडण्यात वर्ष गेलं, आणि प्लाझ्मिडला पासपोर्ट लागत नाही.

डॉक्टर उगाच घाबरवतात, की खरंच इतकं गंभीर आहे?

गंभीर आहे. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे थेट झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र तुमच्या माणसाचं काय होणार हे त्या आकड्यावरून कळत नाही. जंतू रक्तात आहे की लघवीत, किडनी कशी आहे, वय काय, यावर ते ठरतं.

दोन बेडच्या मधे पडदा आहे, आई कोणाला शिवत नाही. मग जंतू तिच्यापर्यंत आला कसा?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

नव्या सिस्टर, वॉर्डबॉय आणि मावश्यांच्या ट्रेनिंगला मी एक खेळ करते. एक पावडर मिळते. उजेडात ती दिसत नाही, पण जांभळ्या दिव्याखाली हिरवट चमकते. ट्रेनिंगच्या खोलीत दोन बेड, मधे पडदा. दोन जणांना पेशंट करून झोपवायचं, एकाला नातेवाईक करायचं आणि बाकीच्यांनी नेहमीची कामं करायची: बीपी घे, सलाईन लाव, चादर सरळ कर, फाईल भर. कोणाला काही न सांगता मी एका बेडच्या उजव्या कठड्याला चिमूटभर पावडर लावून ठेवते. अर्ध्या तासाने ट्यूबलाइट बंद करून दिवा फिरवायचा.

कठडा चमकतोच. मग बीपीच्या पट्ट्याचं वेल्क्रो चमकतं. पेनाचं टोपण, फाईलचा खालचा कोपरा, सलाईनच्या पंपाचं बटण. पडद्याची कड, बरोबर हाताच्या उंचीवर, एक लांब पट्टा. नातेवाइकाच्या मोबाईलची मागची बाजू आणि डब्याचं झाकण. परवाच्या बॅचमध्ये एका मुलीच्या नाकाच्या शेंड्यावर ठिपका निघाला, कारण मास्क सारखा खाली येत होता आणि ती तो चिमटीत धरून वर ओढत होती. सगळे हसले. मग दिवा दुसऱ्या बेडवर गेला. तिथे झोपलेल्या मुलाच्या मनगटावर, सलाईनच्या सुईवर लावलेल्या टेपच्या अगदी कडेला, एक हिरवा अंगठा उमटला होता. कोणाचा अंगठा ते आम्ही कधीच शोधत नाही. पण खोलीतलं हसू तिथे थांबतं.

खऱ्या वॉर्डात पावडरऐवजी कातडीचा कोंडा असतो. आपल्या प्रत्येकाच्या अंगावरून रोज अंदाजे दहा लाख सूक्ष्म पापुद्रे जिवंत जंतू घेऊन गळतात. ते चादरीवर, लॉकरवर, बेलच्या बटणावर बसतात. हात तिथे लागतो, हात पुढच्या पेशंटच्या नळीला लागतो. जंतूंना पाय नाहीत, हवेतून लांब उडायची या मंडळींना फारशी सवय नाही. बहुतेक प्रवास ते आपल्या बोटांवर बसून करतात. आणि तुम्ही ज्या पडद्याच्या भरवशावर आहात, त्याला दिवसभर सगळेच हात लावतात. ग्लोव्ह्ज घालून झाल्यावरसुद्धा.

कोरड्या कठड्यावर जंतू जगून जगून किती जगणार?

ऐकून बहुतेकांना खोटं वाटतं. एमआरएसए कोरड्या पृष्ठभागावर ७ दिवसांपासून ७ महिन्यांपर्यंत, अ‍ॅसिनेटोबॅक्टर ३ दिवसांपासून ५ महिन्यांपर्यंत, आणि व्हीआरई ज्या जातीत मोडतो ते एन्टरोकॉकस ५ दिवसांपासून ४ महिन्यांपर्यंत जगल्याच्या नोंदी आहेत. हे प्रयोगशाळेतले आकडे, आणि रोज पुसलेल्या बेडवर हा काळ नक्कीच कमी होतो. पण अर्थ लक्षात घ्या: आधीचा पेशंट डिस्चार्ज होऊन गावी पोचला तरी त्याचा जंतू लॉकरच्या हँडलवर थांबलेला असू शकतो. म्हणून पेशंट गेल्यावर बेड रिकामा मिळायला वेळ लागतो. खाली कॅज्युअल्टीत तुमचा माणूस स्ट्रेचरवर असताना तो अर्धा-पाऊण तास जीवघेणा वाटतो, मला कळतं. तरीही त्या वेळी मावशींना घाई करू नका.

फिनाईलचा वास येतो, लादी चकचकीत आहे. म्हणजे स्वच्छता चांगलीच ना?

वासावर जाऊ नका. लादीवर पेशंट झोपत नाही. लादीपेक्षा कठडा, ट्रॉलीचं हँडल, ट्यूबलाइटचं बटण, मॉनिटरचा पडदा आणि कमोडच्या फ्लशचं बटण महत्त्वाचं. तिथे रोज, शक्यतो दिवसातून दोनदा, फडकं फिरायला हवं.

आम्ही ज्याला नुसतं ‘हायपो’ म्हणतो ते जंतू मारायचं औषध, सोडियम हायपोक्लोराइट, रोज ताजं पातळ करून घ्यावं लागतं. उन्हात, उकाड्यात, उघड्या बादलीत त्याचा जोर उतरतो, आणि मुंबईत उकाडा काय कमी असतो. रक्त सांडलं असेल तर १ टक्क्याचं द्रावण ओतून दहा मिनिटं तसंच ठेवायचं आणि मग पुसायचं. लावलं की लगेच कोरडं केलं तर जंतू मरायच्या आत औषध फडक्यात येतं. आणि एकच फडकं, एकच बादली घेऊन सगळा वॉर्ड पुसला तर पहिल्या बेडची घाण शेवटच्या बेडपर्यंत इमानेइतबारे पोचवली जाते. हे मी पाहिलंय, एकदा नाही, अनेकदा. दोष मावशींचा नव्हता. त्यांना फडकीच मोजून मिळत होती.

सॅनिटायझर की साबण?

हातावर डोळ्याला दिसणारी घाण नसेल तर सॅनिटायझर. तो पटकन होतो, जास्त जंतू मारतो आणि बेसिनपर्यंत जावं लागत नाही. हात भरून घ्यायचा आणि २० ते ३० सेकंद, आपोआप वाळेपर्यंत चोळायचा. टिपकागदाने पुसायचा नाही, पदराला तर नाहीच. लोक तळवे मनापासून चोळतात; अंगठा, बोटांची टोकं आणि बोटांमधल्या खाचा विसरतात. पेशंटला आपण स्पर्श कशाने करतो? बोटांच्या टोकांनी.

हाताला विष्ठा, रक्त, उलटी, नाहीतर डब्यातल्या आमटीचं तेल लागलं असेल तर साबण आणि पाणी, ४० ते ६० सेकंद. पेशंटला क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल नावाच्या जंतूमुळे जुलाब होत असतील तरीही साबणच, कारण त्याच्या बीजाणूंवर अल्कोहोल चालत नाही. ते चोळून, पाण्याबरोबर वाहून घालवावे लागतात.

१८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात जाणाऱ्या सहकाऱ्यांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आले, आणि सहकारी त्याच्यावरच उखडले. आमच्या हातांना घाण म्हणतोस काय! पावणेदोनशे वर्षं झाली, आणि माझ्या नोकरीतलं निम्मं भांडण अजून तेच आहे.

सगळे ग्लोव्ह्ज घालून फिरतात. मग हात धुवायची गरज काय?

ग्लोव्ह्जबद्दल मी जरा तिखट बोलते, आधीच सांगून ठेवते.

ग्लोव्ह घालणाऱ्याच्या हाताचं रक्षण करतो. पेशंटचं रक्षण तो बदलला तरच होतं. एकच जोडी चढवून तीन पेशंटांना हात लावणारा माणूस उघड्या, धुतलेल्या हातांच्या माणसापेक्षा धोक्याचा, कारण उघड्या हाताला घाण जाणवते तरी. रबराला काही जाणवत नाही. काढतानाही मनगटाशी हात लागतो आणि काही ग्लोव्ह्जना डोळ्याला न दिसणारी भोकं असतात. म्हणून घालायच्या आधी हात स्वच्छ आणि काढल्यावर पुन्हा हात स्वच्छ. ग्लोव्ह घालून फोन उचलणारा कोणीही दिसला, अगदी पांढऱ्या कोटातला, तर मला येऊन सांगा.

नातेवाइकांनी पेशंटला भरवायला, केस विंचरायला, हात धरून बसायला ग्लोव्ह घालू नयेत. हात चोळा आणि हात धरा. पेशंट वेगळा ठेवला असेल तेव्हा मात्र सिस्टर सांगतील तसं करा.

डॉक्टरांना किंवा सिस्टरना ‘हात धुतले का’ असं विचारणं बरं दिसतं का?

बरं दिसतं. पण कसं विचारता ते बघा. ‘तुम्ही हात धुतले नाहीत’ म्हटलं की माणूस बचावाला उतरतो. ‘सिस्टर, सॅनिटायझर इथे ठेवलाय हं’ असं म्हणून बाटली पुढे केली की काम होतं. एक आजी तर डॉक्टर येताना दिसले की स्वतःचाच हात पुढे करायच्या आणि म्हणायच्या, ‘आधी मला द्या थोडं, मग तुम्ही घ्या.’ त्यांच्या बेडजवळ एकही डॉक्टर कोरड्या हाताने गेला नाही.

विचारायचं कधी, तर जागतिक आरोग्य संघटनेने पाच वेळा सांगितल्या आहेत: पेशंटला हात लावण्याआधी, सुई-नळी-जखमेचं काम करण्याआधी, रक्त-लघवीशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर आणि पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यावर. नातेवाइकांनी पहिल्या दोन वेळांवर लक्ष ठेवलं तरी पुरे.

आमच्या बाजूने एवढंच: रात्रपाळीला एका सिस्टरच्या वाट्याला किती पेशंट असतात ते एकदा मोजून बघा. हात चोळायचे अर्धं मिनिट दर वेळी काढायचं म्हटलं तर माणसं जास्त हवीत. ती मागणी तुम्ही केलीत तर आम्हाला आवडेल.

आईच्या बेडला बोर्ड लावून तिला कोपऱ्यात हलवलं. वाळीत टाकल्यासारखं वाटतंय.

बोर्ड आईसाठी नाही, तिच्याजवळ येणाऱ्या हातांसाठी आहे. तिथे जाताना गाऊन आणि ग्लोव्ह्ज, तिचा बीपीचा पट्टा, थर्मामीटर आणि स्टेथोस्कोप वेगळा, निघताना सगळं तिथेच. स्वतंत्र खोली मिळाली तर उत्तमच. नाहीतर एकाच जंतूचे पेशंट शेजारी-शेजारी ठेवतात. मुंबईच्या मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत गर्दी इतकी असते की खोली हा शब्द उच्चारायचीही चोरी.

बोर्ड लागला म्हणून डॉक्टर राउंडला शेवटी येतील; दुर्लक्ष म्हणून नव्हे, तिथून दुसरीकडे जंतू नेऊ नये म्हणून. पण बोर्ड लागल्यावर लोक आत जायचंच टाळतात, पाणी द्यायलाही उशीर होतो, हेही खरं आहे. असं होत असेल तर गप्प बसू नका. आईशी बोला, तिचे पाय चेपून द्या. गाऊन घालून माया करता येते.

बाबांच्या लघवीत जंतू निघाला, तरी डॉक्टर म्हणतात औषध नको. हे कसं?

जंतू अंगावर असणं आणि जंतूने आजार करणं, या दोन वेगळ्या गोष्टी. लघवीची नळी काही दिवस राहिली की तिच्यात जंतू येऊन बसतातच. ताप नाही, दुखणं नाही, रक्ताचे रिपोर्ट बरे आहेत, तर बहुतेकदा त्याला मारायला जाऊ नये. औषध दिलं तर साधे जंतू मरतात आणि सगळ्यात चिवट तेवढा उरतो, त्याला मोकळं रान मिळतं.

‘रिकामं बसण्यापेक्षा काहीतरी द्या’ हा आग्रह मी रोज ऐकते. पण औषध न देणं हाही डॉक्टरांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो.

मी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारू शकत असेन, तर कोणता विचारू?

‘ही नळी अजून लागते का?’

लघवीची नळी, मानेतली सेंट्रल लाइन, हातातली सुई. कातडी ही आपली भिंत आहे आणि प्रत्येक नळी म्हणजे त्या भिंतीला पाडलेलं भोक. कठड्यावरचा जंतू आत जातो तो तिथून. जेवढी लवकर निघेल तेवढी बरी. रोज सकाळच्या राउंडला विचारा. कधीकधी नळी राहून जाते ती फक्त कोणी विचारलं नाही म्हणून.

अंगारा लावला तर चालेल? हातात दर्ग्याचा दोरा आहे, तो काढायला सांगतात.

सिद्धिविनायकाचा अंगारा, माहीमच्या दर्ग्याचा दोरा, मोतमावलीचं मेण, सगळं आमच्या वॉर्डात येतं. अंगारा कपाळाला टेकवा. टाक्यांवर, ड्रेसिंगवर, सलाईनच्या जागेजवळ नको. तीर्थ नाकातल्या नळीतून सोडू नका, ही विनंती नाही, सक्त मनाई आहे. दोरा ओला राहिला की मनगटावर जंतूंची वस्ती होते. तो सोडून पुडीत बांधून उशीखाली ठेवा, कोणाचीही त्याला हरकत नसते.

सिस्टर आणि डॉक्टरांच्या मनगटावरचं घड्याळ, राखी, बांगड्या, अंगठ्या यांनाही हाच नियम. राखीपौर्णिमेनंतरचा आठवडा माझ्यासाठी वर्षातला सगळ्यात अप्रिय असतो, कारण पोरांच्या हातातल्या राख्या मला काढायला लावाव्या लागतात.

दिवसभर लोकलचे दांडे धरतो. तिथून नाही का होत?

जंतू तिथेही असतात, आणि विरार फास्टमधून उतरल्यावर हात धुवावेतच. पण लोकलमध्ये उभ्या माणसाची कातडी सहसा धड असते, अंगात नळी नसते आणि आतड्यातले रोजचे जंतू जागेवर असतात, ते नव्याला पाय रोवू देत नाहीत. वॉर्डात हे सगळं उलट. शिवाय तिथे अँटिबायोटिक्स सतत चालू असल्यामुळे साधे जंतू मरून चिवटांची निवड झालेली असते. म्हणूनच उलटा प्रवास जास्त महत्त्वाचा: स्टेशनवरून थेट बेडपाशी येऊन आईच्या गालाला हात लावू नका. आधी हात.

हे एमडीआर टीबीसारखं हवेतून पसरतं का?

नाही. ‘एमडीआर’ हा शब्द दोन्हीकडे आल्यामुळे मुंबईत हा घोटाळा फार होतो. टीबी खोकल्यातून हवेत जातो, तिथे खिडक्या आणि एन-९५ मास्क कामाला येतात. या जंतूंसाठी हात आणि फडकं.

आईला घरी आणलं. भांडी वेगळी करू? नातवाला जवळ जाऊ देऊ?

भांडी वेगळी नकोत, साबणाने घासली की झालं. नातवाला जाऊ द्या, दोघांचे हात धुऊन. त्याला मोठी जखम असेल किंवा तो स्वतः आजारी असेल, त्याच्यावर कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर डॉक्टरांना विचारा. चादरी आणि कपडे नेहमीच्या पावडरने, जमेल तेवढ्या गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. पावसाळ्यात पंख्याखाली का होईना, पूर्ण कोरडे करा. टॉवेल, कंगवा, दाढीचं सामान मात्र ज्याचं त्याचं. ड्रेसिंग बदलणाऱ्याने आधी आणि नंतर हात धुवायचे. घरकामाच्या मावशींना घाबरवून सोडू नका, पण डायपर उचलायला लावत असाल तर ग्लोव्ह्ज आणि साबण तुम्ही आणून द्या.

आणि तो कल्चर रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यात वर लावा. अशा जंतूची वस्ती आतड्यात कितीतरी महिने राहू शकते. पुन्हा कुठेही, अगदी दुसऱ्या रुग्णालयात, अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली तर दारातच सांगा. ‘सांगितलं तर बेड देणार नाहीत’ या भीतीने लोक लपवतात. मग औषध चुकीचं सुरू होतं आणि शेजारच्या बेडवरचा माणूसही त्यात ओढला जातो.

म्हणजे हा जंतू रुग्णालयानेच दिला ना? तक्रार करायची का?

कधी रुग्णालयाने दिलेला असतो, कधी आईने येताना आणलेला असतो. दर सर्दीला केमिस्टकडून आणलेल्या अझिथ्रोमायसिनचाही त्यात वाटा असतो. बरीच अँटिबायोटिक्स २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’मध्ये आहेत, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दुकानदाराला नोंद ठेवावी लागते. पट्टीवरची उभी लाल रेघ त्याचीच आठवण करून देते. तुमच्या नाक्यावर काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

तक्रार जरूर करा, पण नेमकी करा. ‘सगळं घाण आहे’ याचं मी काही करू शकत नाही. ‘काल संध्याकाळी एकाच ग्लोव्हने दोन बेडची ड्रेसिंग झाली’ याचं करू शकते. रुग्णालयाची संसर्ग नियंत्रण समिती असते. तिची सिस्टर कोण हे रिसेप्शनवर विचारा.

बेडजवळची सॅनिटायझरची बाटली रिकामी आहे. कोणाला सांगू?

ड्युटीवरच्या सिस्टरना. अर्ध्या तासात भरली नाही तर पुन्हा सांगा. तोवर लिफ्टशेजारी भिंतीला एक लावलेली असते. तिचा दट्ट्या दोनदा दाबावा लागतो, पहिल्यांदा नुसती हवा येते.